दगडी दुपटं

माझी आई गल्लोगल्ली हाळी देत फिरायची, "पाट्याला टाकीऽ, जात्याला टाकीऽ." कुणी बोलावलं की अंगणात बसून त्यांच्या गुळगुळीत झालेल्या पाट्यावर छिन्नीनं पुन्हा दाते पाडून द्यायची. सुट्टीत मीही तिच्याबरोबर बसायचे. हे मी कधी लपवलं नाही आणि आता पन्नाशी उलटल्यावर लपवायचं कारणही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी इंजिनिअर झाले, चार वर्षं नोकरी केली आणि शिष्यवृत्ती मिळवून पुढच्या पदवीसाठी जर्मनीत डार्मश्टाटला गेले. त्या वर्षांबद्दल लोक विचारतात तेव्हा विद्यापीठाबद्दल विचारतात. मला मात्र आठवतं ते श्रीकांतदादा आणि अनघावहिनींचं घर आणि खिडकीखालचं ते जुनं दफनाचं आवार.

दादा आणि वहिनी पुण्याचे. दादा मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होते. शहरातल्या भारतीय मंडळाच्या दिवाळीत ओळख झाली, माझं वसतिगृहाचं काही जमत नव्हतं, तर वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडं छपराखाली एक खोली रिकामी आहे, डोकं तेवढं सांभाळून वावर." ते घर शहराबाहेरच्या एका गावात होतं, ट्राम जिथं संपते तिथं. लाकडी जिना. कोण चढतंय ते पावलावरून कळायचं. चर्चची घंटा दर पाव तासाला, आणि तिच्यात मिसळून वहिनींच्या कुकरची शिट्टी. पहिल्यांदा ती शिट्टी ऐकून खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लांग धावत वर आल्या होत्या, पाइप फुटला म्हणून. पुढं त्याच म्हणायच्या, "आज शिट्टी ऐकली नाही, बरं आहे ना?" वहिनी तुर्की दुकानातून कोथिंबिरीची जुडी आणायच्या आणि तिची देठंसुद्धा वाया घालवायच्या नाहीत. रविवारी वरण-भात, लिंबू, आणि मी घरून मागवलेली सोलापुरी शेंगाचटणी. दादा जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. वहिनी सगळ्यांच्या वाटणीचं बोलायच्या. तेव्हा त्यांना सहावा महिना लागला होता.

माझ्या खोलीची खिडकी चर्चच्या आवारावर उघडायची. आवार चर्चभोवतीचं असलं तरी कारभार गावाच्या पंचायतीचा, गेमाइंडेचा, त्यामुळं कुठल्याही धर्माच्या माणसाला तिथं जागा मिळे. अलीकडच्या कबरी चकचकीत ग्रॅनाइटच्या, पुढं फुलांचे वाफे. पण भिंतीला लागून जुने दगड उभे होते, तीनशे वर्षांपूर्वीचे, तिथल्या डोंगरातल्या तांबड्या वाळूच्या दगडातले. आमचा काळा फत्तर कसा, छिन्नीला उत्तर देतो. हा दगड ऐकून घेतो, आणि मग पाऊसही ऐकून घेतो. निम्म्या दगडांवरची अक्षरं विरघळून गेली होती. कुठं नुसती कवटी उरलेली, कुठं वाळूचं घड्याळ, कुठं जोडलेले दोन हात. नव्या कबरींची मुदत असते, ती संपली आणि घरच्यांनी वाढवली नाही तर दगड उचलून नेतात. हे जुने मात्र सरकारनं राखलेले, त्यांना कुणी हलवायचं नाही.

त्यातला एक दगड मी रोज बघायचे. घोळदार झग्यातली एक बाई हात जोडून उभी आणि तिच्या पायाशी ओळीनं तान्ही मुलं, आपण बाळाला दुपट्यात घट्ट बांधतो अगदी तशी गुंडाळलेली. नुसते कोश आणि वर गोल चेहरे, चेहऱ्यावर आता नाकडोळे काही नाहीत. काहींच्या डोक्यावर बारीकसा क्रूस. तो कशाचा, असं मी हेर वेबरना, म्हणजे वेबरसाहेबांना, विचारलं होतं. ते गावातले पाथरवट, आणि हे जुने दगड साफ करून त्यांच्या भेगा बुजवण्याचं काम त्यांच्याकडं होतं. ते म्हणाले, "ती आईच्या आधी गेलेली."

हेर वेबरांकडं मी शनिवारी काम करायचे. एकदा आवारातून जाताना छिन्नीचा आवाज ऐकून थांबले आणि बघतच उभी राहिले, तेव्हा त्यांनी गमतीनं हत्यार पुढं केलं. मी बसले आणि दगडावर छिन्नी चालवायला लागले. त्यांनी थोडा वेळ बघितलं. "असं तर, हात शिकलेला आहे. कुणी शिकवलं?"

"आईनं."

"आई शिल्पकार आहे?"

"नाही. लोकांच्या स्वयंपाकघरातले दगड टाकवते."

"मग तिला सांग, इकडं स्वयंपाकघरातले दगड संपले, मेलेल्यांचे उरलेत," ते म्हणाले, आणि पुढच्या शनिवारी ये म्हणून सांगितलं. आईला मी फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "इतकी शिकलीस ते पुन्हा छिन्नी धरायला?" पण आवाजात तक्रार नव्हती.

वहिनींची आई पूर्वीच वारली होती, म्हणून बाळंतपणाला दादांची आई आली. मी त्यांना काकू म्हणायचे. दोन बॅगा भरून डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, आणि जुन्या मऊ धोतराची शिवलेली दुपटी. आल्या दिवशीच खिडकीतून खाली बघून म्हणाल्या, "काय देश आहे. मेलेल्यांच्या दारात फुलं, आणि जिवंतांच्या दारात चिटपाखरू नाही." मी पाथरवटाची हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मग चहा तूच करतेस की वहिनी करते?" मी म्हटलं, "मीच करते, काकू, आणि तुम्हीही तो प्यालात." त्यावर त्यांनी कप खाली ठेवला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

मुलगा झाला. जन्मतःच त्याच्या हृदयात दोष होता, डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, त्यातून तो उठला नाही. बारशाच्या आधीच गेला, म्हणजे त्याला नाव नव्हतं. वहिनी त्याला "ए" म्हणायच्या. काचेच्या पेटीत हात घालून, "ए, ए राजा." नोंदणीच्या कचेरीत दादांनी नावाच्या जागी काही लिहिलं नाही, फक्त मुलगा आणि आडनाव.

तान्ह्या मुलाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरून झालं की मागं न बघता यायचं. पुन्हा त्या जागी जायचं नाही, तिथं खूण ठेवायची नाही. काकूंनी फोनवर पुण्याच्या गुरुजींना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. बायका जात नाहीत, बाळंतीण तर नाहीच. पण दादांचं ऑफिस इंग्रजीत चालायचं, जर्मन माझंच बरं होतं, म्हणून मी गेले. पांढरी पेटी इतकी लहान होती की दादांनी ती कुणाला धरू दिली नाही, मांडीवर घेऊनच गाडीत बसले. जागा मिळाली ती भिंतीजवळ, त्या दुपट्यातल्या मुलांच्या दगडासमोर.  दादांनी दूध ओतलं, माती लोटली, आणि आम्ही फाटकाकडं वळलो. मागं फावड्याचा आवाज येत होता. दादांची मान अशी ताठ झाली होती, जशी कुणी मागून धरून ठेवलीय. फाटकाबाहेर आल्यावर म्हणाले, "मंगल, तू बघितलंस का मागं?" मी नाही म्हटलं. "बरं झालं," ते म्हणाले, आणि गाडीची किल्ली त्यांना खिशात सापडेना, हातातच होती ती.

मग घर. बाळ नसलं तरी बाळंतीण होतीच. काकू पहाटे उठून तिला तेल लावायच्या, डिंकाचे लाडू द्यायच्या, कारण कंबर तर भरून यायला हवी. अळिवाची पिशवी मात्र त्यांनी कपाटात मागं ढकलली, अळिवानं दूध येतं. दूध यायचं ते आलंच. काकूंनी आपलं जुनं लुगडं फाडून वहिनींच्या छातीला करकचून पट्टा बांधला. वहिनी बोलत नव्हत्या, म्हणून ते घर एकदम किती शांत झालं ते कळलं. कुकर लागायचा, शिट्टी व्हायची, आणि फ्राऊ लांग खालून काही विचारायच्या नाहीत. त्यांनी एकदा मला जिन्यात गाठून विचारलं, "त्या बाळाला कुणी भेटायला जात नाही का? पाणी घालायला तरी?" त्या गावात रविवारी सगळे हिरव्या झाऱ्या घेऊन आवारात असत. कबर कोरडी ठेवणं म्हणजे घरात भांडण आहे किंवा माणसं वाईट आहेत. मी त्यांना आमची रीत सांगितली. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ती पटली नाही, आणि तेव्हा मलाही नीटशी पटली नव्हती.

वसंतात एका शनिवारी मी वेबरांच्या बरोबर भिंतीजवळ काम करत होते. वहिनी फाटकातून आत आल्या. घराबाहेर पहिल्यांदाच. चपलांवरच आल्या होत्या, पायमोजे नाहीत. जमिनीकडं बघत एका रांगेतून दुसऱ्या रांगेत फिरायला लागल्या. मी छिन्नी ठेवली आणि तिकडं गेले. पुरलं तेव्हा गेमाइंडेच्या माणसानं रोवलेली लाकडी पाटी, जिच्यावर नुसतं आडनाव होतं, तिथं नव्हती. सगळीकडं एकसारखं कोवळं गवत उगवलं होतं.

"मंगल, कुठं आहे तो?"

जुन्या दगडाच्या समोर, भिंतीपासून मी दोन ढांगा टाकल्या. "इथं." त्या खाली बसल्या आणि गवतावर हात फिरवत राहिल्या, जसं काही हरवलेलं चाचपावं. मग मान वर करून त्यांनी तो दगड बघितला. बराच वेळ बघितला.

"यांची नावं कुठं आहेत?"

"आईचं आहे, बापाचं आहे. यांचं नाही लिहिलेलं."

"पण आहेत ना ती इथं," वहिनी म्हणाल्या.

जेवायला बसलो तेव्हा त्यांच्या पावलांना गवताची पाती चिकटलेली होती. एरवी त्या दादांना अरे-तुरे करायच्या, काकूंसमोर मात्र अहो. "अहो, गवत तुम्ही लावायला सांगितलंत?"

दादा भात कालवत होते. "गेमाइंडेचा फोन आला होता ऑफिसात. म्हणाले, जागा राखत नसाल तर हिरवळ करून टाकतो. मी म्हटलं करा."

"मला विचारलं नाहीत."

"तुला त्रास नको म्हणून."

"त्यानं बरोबर केलं," काकू म्हणाल्या. "मागं काही ठेवायचं नसतं. तो आला, गेला. वाट मोकळी ठेवली तर त्याच पोटी परत येईल."

"आई, मला दगड बसवायचाय. नाव घालून."

"नाव घातलं की तो तिथंच बसेल. मग रहा त्याला पाणी घालत, या इथल्या बायकांसारखी."

"मला तो परत यायला नकोय," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मला तो कुठं आहे ते पाहिजे."

काकूंनी पान बाजूला सारलं. नंतर जे बोलल्या ते त्यांनी दादांनाही आजवर सांगितलेलं नव्हतं, हे दादांच्या चेहऱ्यावरून दिसलं. "माझे दोन गेले. कुठं पुरले मला ठाऊक नाही. यांनी नेले, रिकाम्या हातांनी आले, मी विचारलं नाही. तिसऱ्या वेळी हा आला. पहिल्याच्या कानामागं तीळ होता. याच्याही आहे, बघ." दादांचा हात आपोआप कानामागं गेला.  मी त्यांची खोली भाड्यानं घेतलेली मुलगी, मला वाटलं उठून जावं, पण उठताना खुर्ची वाजली असती.

शेवटी दादांनी तोडगा काढला. दगड बसवायचा, पण त्यावर नाव नाही. वहिनी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मंगल, तू करशील? त्या बाईच्या पायाशी आहेत तसं एक."

"हिच्यानं होईल का ते?" काकू म्हणाल्या. "पाट्याला टाकी घालणं निराळं."

मी म्हटलं, "काकू, आमच्या टाकीच्या पाट्यावरच तुमच्याकडची पुरणं वाटली गेलीत आजवर. कधी कचकच लागली होती का?"  परत जायच्या आधी काकूंनी उरलेल्या दुपट्यांपैकी एक माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "दुपट्याची घडी डावीकडून उजवीकडं घालतात. उलटी नको करूस."

हेर वेबरांनी तांबड्या दगडाचा एक तुकडा दिला, गुडघ्याएवढा. माझ्या परीक्षा होत्या, मी त्या दिल्या, पासही झाले, पण त्या महिन्यांतलं मला आठवतं ते दुपटंच. घड्या सोप्या होत्या. चेहरा जमेना. नाक काढलं की ते कुणाचं तरी नाक व्हायचं. मी बाळाला फक्त काचेतून बघितलं होतं, तोंडावर चिकटपट्ट्या आणि नळ्या. शेवटी मी चेहरा गोल, गुळगुळीत ठेवला, मिटलेल्या डोळ्यांच्या दोन रेषा काढल्या आणि थांबले.

दगड बसवायच्या आदल्या दिवशी वहिनी एकट्याच वेबरांच्या कारखान्यात आल्या. दगडाच्या पायाकडचा खडबडीत भाग दाखवून म्हणाल्या, "एवढा जमिनीत जाणार ना?"

"हो, वीतभर."

"मग त्यावर लिही."

मी विचारलं, "दादांना ठाऊक आहे?"

"त्याच्या आईला त्यानं शब्द दिलाय. त्याला कशाला मध्ये घालायचं? वर नाव नाही, खाली कोण बघतंय." आणि मग त्यांनी मला नाव सांगितलं. ते त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, पाळण्यात घालताना कानात सांगायचं म्हणून. मी तिथंच बसून ते देवनागरीत कोरलं. खडबडीत भागावर अक्षर धरत नव्हतं, आधी तेवढी जागा सपाट करून घ्यावी लागली. त्या शेजारी उभ्या राहून प्रत्येक अक्षर पुरं होताना बघत होत्या. ते नाव मी इथं लिहिणार नाही. मी फक्त कोरलं.

दगड बसवला तेव्हा दादा आले होते, झारी तेच घेऊन आले. त्या दिवसापासून आम्हीही रविवारी आवारात जायला लागलो. फ्राऊ लांग आम्हाला कुठली फुलं थंडीत टिकतात ते सांगायला लागल्या. वहिनी पुन्हा बोलायला लागल्या, थोडं. मला वाटलं, झालं, निभावलं. आता या वयात मागं बघताना कळतं की तेव्हा काहीच निभावलं नव्हतं.

दुसरं मूल राहिना. एक वर्ष, दोन, तीन. डॉक्टरांच्या मते दोघांतही दोष नव्हता. मोठ्या शहरातल्या तपासण्या झाल्या, इंजेक्शनं झाली. दर महिन्याला एक दिवस असा यायचा की वहिनी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या आणि कुकर लागायचा नाही. माझं शिक्षण संपलं होतं, कार्ल्सरूहेला नोकरी लागली होती, खोली सोडायची होती. सामान बांधत होते तेव्हा वहिनी वर आल्या आणि उतरत्या छपराखाली वाकून उभ्या राहिल्या.

"मंगल, कोरलेलं अक्षर तासून काढता येतं का?"

मला लगेच कळलं. "येतं. काकू काही म्हणाल्या का?"

"त्या काहीच म्हणत नाहीत. म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं."

"वहिनी, दगडानं असं काही होत नसतं. तुम्ही सायन्सच्या पदवीधर आहात."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "तरी काढ."

मी त्यांना समजावत बसले नाही. ज्या बाईला सगळं माहीत आहे तिला काय समजवायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा ऑफिसात असताना आम्ही आवारात गेलो. वेबरांकडून पहार आणि दोन फळ्या आणल्या होत्या. पायाची माती उकरली, दगड सैल करून फळ्यांवर मागं टेकवला. वरचा भाग तेवढ्या वर्षांत झिजायला लागला होता. पावसानं डोळ्यांची एक रेष जवळजवळ पुसली होती. खालचं नाव मात्र मी ब्रशनं माती झाडली तर कालच कोरल्यासारखं निघालं, धारेसकट. वहिनींनी ते वाचलं. ओठ हलले, आवाज आला नाही.

मी गुडघ्यावर बसले, टाकी पहिल्या अक्षरावर टेकवली आणि हातोडा उचलला. वहिनींनी पुढं होऊन नावावर तळवा ठेवला.

"हात काढा, वहिनी. लागेल."

त्यांनी काढला नाही. माझ्याकडं बघतही नव्हत्या. तळव्याखाली नाव पुरतं झाकलं गेलं होतं आणि बोटं दगडाच्या कडेवरून खाली वळली होती. मी हातोडा धरून थांबले. माझा हात दुखायला लागला, तेव्हा तो खाली ठेवला. आणखी थोडा वेळ थांबले. मग टाकी पिशवीत टाकली, पहार उचलली आणि म्हटलं, "दगड सरळ करायला हात लावा."

तेव्हा त्यांनी हात काढला.